वृद्ध अश्व आणि बालस्वार

लहान मुलासाठी घोडे घ्यावयाचे झाल्यास ते तरुण घ्यावे की उतारवयाचे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती स्वरूपाचा आहे. ज्या घरांत घोडे बांधले जात, त्या घरांतील वडीलधारी माणसे आणि मोतद्दार यांच्यातच त्याचा निकाल लागत असे. ग्रंथांच्या पानांपर्यंत तो क्वचितच पोहोचला. तथापि अश्वविषयक वाङ्मयाचा मागोवा घेतला तर या घरगुती प्रश्नामागे एक जुना पेच उभा असल्याचे दिसून येते. ज्या वयात घोड्याची बाजारातील किंमत उतरू लागते, नेमक्या त्याच वयात तो मुलाच्या उपयोगाचा होऊ लागतो. बाजाराचे माप आणि मुलाची गरज यांचा हा व्यस्त संबंध निरनिराळ्या समाजांनी कसा ओळखला, कसा नाकारला आणि साहित्याने त्यातून कोणता अर्थ काढला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम घोड्याच्या आयुष्याचे मान ध्यानात घेतले पाहिजे. सामान्यतः घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. लहान चणीची तट्टे पुष्कळदा त्याहून अधिक जगतात. पाचव्या वर्षी त्याचे कायमचे पुढचे दात पूर्ण येतात आणि तो वयात आला असे मानले जाते. पाच ते दहा-बारा ही वर्षे त्याच्या बळाची व वेगाची, आणि म्हणून बाजारभावाची. त्यानंतर भाव घसरत जातो. परंतु वाटेत फडफडणाऱ्या कापडाला न बुजणे, पाठीवरचा तोल ढळला तर आपली चाल आवरणे, लगामाला चुकीचा हिसका बसला तरी उधळून न जाणे, हे गुण जन्मजात नसतात. घोड्याच्या अंगी ते वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात. शिकाऊ मुलाला नेमके हेच गुण लागतात. पंधरा-सोळा वर्षांचे तट्टू सैन्याच्या दृष्टीने उतरणीला लागलेले असते, पण सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते पदवी घेऊन नुकतेच शाळेवर रुजू झालेले शिक्षक असते.

प्राचीन ग्रंथकारांना हा भेद फारसा दिसला नाही, याचे कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मूल नव्हते, युद्ध होते. अश्वशिक्षणावरील उपलब्ध ग्रंथांत अतिप्राचीन म्हणून ओळखला जाणारा किक्कुलीचा ग्रंथ हित्ती राज्याच्या राजधानीत, हत्तुशा येथे, मृत्तिकापट्टांवर लिहिलेला सापडला. किक्कुली हा मितन्नी देशाचा होता. त्याच्या हित्ती मजकुरात ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’ अशी फेऱ्यांची नावे येतात आणि संस्कृतच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटल्यावाचून राहत नाहीत. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासच्या या ग्रंथात घोड्यांना कधी किती दौडवावे, कधी पाणी पाजावे, कधी न्हाऊ घालावे यांचे दिवसवार तपशील आहेत. परंतु हे सारे रथाच्या घोड्यांसाठी आहे. थकलेल्या घोड्याचे पुढे काय होते, याविषयी तो काही सांगत नाही.

ग्रीक लेखक झेनोफन याच्या अश्वारोहणावरील ग्रंथात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, घोडा विकत घेण्याचा विचार प्रथमच सविस्तर येतो. शिंगरू घेताना काय पाहावे आणि आधी वापरलेला घोडा घेताना काय पाहावे, असे दोन स्वतंत्र भाग त्याने केले आहेत. वापरलेल्या घोड्याच्या बाबतीत त्याची पहिली सूचना वयाची आहे. ज्याचे वय दर्शविणारे दात गेले आहेत, तो घोडा घेणाऱ्याला भविष्याची आशा देत नाही आणि पुढे खपवणेही सोपे जात नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. हा हिशेब चोख आहे, पण तो प्रौढ खरेदीदाराचा हिशेब आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे झेनोफन असे सुचवितो की, आपला मुलगा एखाद्या कलेसाठी गुरूकडे ठेवताना जसा लेखी करार करतात, तसाच शिंगरू शिक्षकाकडे देताना करावा. या तुलनेत नकळत एक सत्य दडलेले आहे. शिंगरू आणि मूल हे दोघेही शिष्य आहेत. दोन शिष्यांना एकमेकांच्या हवाली करून विद्या निर्माण होत नाही. झेनोफनने हा निष्कर्ष काढला नाही. पण घोड्याशी वागताना रागाला थारा देऊ नये हे त्याने ठामपणे बजावले आहे, आणि राग आवरण्याची शक्ती ज्याच्यात अजून आलेली नाही अशा बालस्वाराला तोलून धरणारा घोडा कोणता असावा, याचे उत्तर त्या उपदेशातूनच निघते.

तरुण घोडे घ्यावे, मूल आणि शिंगरू बरोबरीने वाढतील, ही कल्पना मात्र फार मोहक आहे. तिचे मूळ पाश्चात्त्य परंपरेत अलेक्झांडर आणि ब्युसिफलस यांच्या कथेत शोधता येते. प्लुटार्कने सांगितल्याप्रमाणे तेरा टॅलंट किंमत सांगितलेला तो दांडगा घोडा फिलिपच्या दरबारातील कोणालाही आवरेना. तो आपल्याच सावलीला बुजतो हे पोरसवदा अलेक्झांडरने ओळखले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवून त्याला वश केले. पिढ्यान्पिढ्या पालकांच्या मनावर या कथेने गारूड केले आहे. परंतु त्याच चरित्रातील दुसरा तपशील सहसा कोणी स्मरत नाही. पुढे गौगामेलाच्या लढाईच्या वेळी ब्युसिफलस उतारवयाला लागला होता. सैन्याची रचना करीत रांगांपुढून फिरताना अलेक्झांडर दुसरा घोडा वापरी आणि प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळीच ब्युसिफलसवर बसे. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या युद्धानंतर हा घोडा मेला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता असे एका प्राचीन लेखकाचे म्हणणे प्लुटार्क नोंदवितो. हे वय खरे मानले तर घोडा आणि स्वार जवळजवळ एकाच वयाचे ठरतात. जगज्जेत्या स्वाराने वश केलेल्या दांडग्या घोड्याची कथा लोकांच्या ध्यानात राहिली. म्हाताऱ्या घोड्याला जपण्याची त्याची रीत मात्र विस्मृतीत गेली.

भारतीय परंपरेकडे वळले असता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. शालिहोत्राचे नाव धारण करणारी अश्वशास्त्राची परंपरा, नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सेचा ग्रंथ, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथामधील अश्वविनोद, या सर्वांत घोड्याची लक्षणे, भोवरे, रंग, चाली व रोग यांचे विवेचन आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील अश्वविषयक अध्यायात दातांवरून वय ठरविण्याची पद्धती थोडक्यात आली आहे. दात पडून पुन्हा येण्याच्या क्रमावरून तीन, चार व पाच ही वर्षे ओळखावीत. त्यानंतर दर तीन वर्षांनी दातांवर काळी, पिवळी, पांढरी, काचेसारखी, मधासारखी, शंखासारखी छटा येते. मग खळगे पडतात, दात हलू लागतात आणि शेवटी पडतात. हा हिशेब केला तर अखेरची पायरी तिसाव्या वर्षाच्या पुढे जाते. ज्या शास्त्राने घोड्याच्या वार्धक्याच्या एवढ्या पायऱ्या मोजून ठेवल्या, त्याने इतकी वर्षे जगवलेले घोडे पाहिले असले पाहिजेत, असे अनुमान काढणे वावगे ठरू नये.

या संदर्भात कौटिलीय अर्थशास्त्राचे महत्त्व विशेष आहे. दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात राजाच्या घोड्यांची नोंद कशी ठेवावी हे सांगताना कुल, वय, वर्ण, चिन्हे इत्यादींबरोबर घोडा आला कसा याचेही वर्गीकरण आहे: विक्रीसाठी आलेला, विकत घेतलेला, युद्धात मिळालेला, आपल्याकडेच जन्मलेला, साहाय्यार्थ आलेला, तारण म्हणून ठेवलेला आणि काही काळापुरता ठेवलेला. एवढ्या व्यावहारिक नोंदवहीत पुढे एक तरतूद येते. युद्ध, रोग, वार्धक्य किंवा श्रम यांनी जे घोडे क्षीण झाले त्यांना निर्वाहापुरते अन्न मिळावे, आणि जे युद्धाला अयोग्य ठरले ते नर नगरवासी व ग्रामवासी यांच्या हितासाठी घोड्यांची पैदास करण्याकडे लावावेत. कौटिल्याची ख्याती कनवाळू ग्रंथकार म्हणून नाही. म्हणूनच ही तरतूद अधिक बोलकी आहे. राज्याने ज्याच्याकडून काम घेतले त्याच्या म्हातारपणाची सोय राज्याच्या खर्चात धरली पाहिजे, हा विचार येथे भावनेच्या नव्हे, तर हिशेबाच्या भाषेत मांडला आहे.

बाजाराचा हिशेब मात्र निराळा असतो आणि त्यात फसवणुकीला मोठा वाव असतो. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात संत जेरोम याने भेट मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नयेत ही म्हण लोकप्रचलित म्हणून उल्लेखिली आहे. मराठीत तेच व्यवहारज्ञान धर्माच्या गायीच्या दातांविषयी सांगितले जाते. जनावर वेगळे, दात मात्र तेच. याचा उघड अर्थ असा की, विकत घेताना मात्र दात पाहिलेच पाहिजेत. खालच्या जबड्यातील मधल्या दातांवरचे खळगे साधारण सहाव्या वर्षी, त्यांच्या शेजारच्यांवरचे सातव्या वर्षी आणि कडेच्यांवरचे आठव्या वर्षी झिजून जातात. एकदा ते गेले की पुढचे वय सांगणे अवघड होते. हीच अडचण हेरून म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत कोरून व डागून खोटे खळगे पाडण्याची लबाडी व्यापाऱ्यांत रूढ झाली. इंग्रजीत तर तिच्यासाठी स्वतंत्र क्रियापदच तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅल्व्हेन या अश्वशिक्षकाच्या नावाने वरच्या कडेच्या दातावरील खाच प्रसिद्धीस आली. ही खाच सुमारे दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते, व तिसाव्या वर्षापर्यंत नाहीशी होते, असा ढोबळ नियम सांगितला जातो. पुढील निरीक्षणांत या नियमाला पुष्कळ अपवाद आढळले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सगळ्या लबाडीचा रोख एकाच दिशेने आहे: म्हातारा घोडा तरुण म्हणून विकला जातो. मुलासाठी घोडा घेणारा पालक जर मोकळेपणाने म्हातारा घोडा मागू लागला, तर दातांची ही लबाडी निरर्थक ठरते. मग सौदागराची लबाडी वय सोडून खोडीकडे वळते. लंगडेपणा, चावण्याची सवय, बुजरेपणा या गोष्टी झाकल्या जातात. म्हणून अशा खरेदीत दातांपेक्षा घोड्याचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. तो कोणाच्या घरी होता, त्याच्यावर कोण बसत असे आणि तो आता का विकला जात आहे, हे विचारावे लागते.

महाराष्ट्रात घोड्याचा संबंध प्रथम फौजेशी आणि त्यामागोमाग घराच्या मिळकतीशी होता. शिवकालीन व्यवस्थेत बारगिराला सरकारी पागेतील घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्र घेऊन चाकरीला येई. सभासदाने दिलेल्या माहितीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याच्या उपजीविकेचे साधनच जाई. अशा समाजात घोड्याच्या वयाकडे हळवेपणाने पाहणे कोणाला परवडणारे नव्हते. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे उंचीला बेताची, पण काटक, थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी म्हणून नावाजली गेली. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतामुळे त्यांचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. घोड्याच्या चाली, रंग, खोडी, खोगीर व लगाम यांविषयी मोल्सवर्थच्या मराठी कोशात विखुरलेली विपुल शब्दसंपत्ती पाहिली म्हणजे हे ज्ञान केवळ सरदारांच्या पागेपुरते नव्हते, हे पटते.

मराठा घराण्यांतील मुलींनाही हे शिक्षण मिळे, याला बाहेरच्या निरीक्षकाची साक्ष आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे सत्ता गेल्यानंतर फत्तेगडला छावणी करून राहिल्या होत्या. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी त्यांना तेथे भेटली. इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूला पाय सोडून कशा बसतात, याचे बाईंना व त्यांच्या परिवारातील स्त्रियांना नवल वाटले आणि पार्क्सबाईंनी मराठा पद्धतीने घोड्यावर बसून पाहिले, ही हकीकत त्यांनी आपल्या १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. दोन स्त्रियांचा हा संवाद वाचताना जाणवते की, घोड्यावरची मांड लहानपणी बसते, ती वयाबरोबर सुटत नाही. परंतु ज्या घोड्यांवर ती बसली, त्यांची नावे दप्तरांनी जपली नाहीत. पराक्रमी घोड्यांना समाध्या लाभल्या, पण मुलांना तोल शिकवणारी म्हातारी तट्टे इतिहासाच्या कडेला राहिली.

या तट्टांना साहित्यात स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड व रशिया या देशांत, आणि त्यामागे सामाजिक कारणे होती. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व स्त्रिया यांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करण्यास मनाई झाली. त्यानंतर कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी लहान चणीच्या तट्टांची, विशेषतः शेटलंड बेटांवरील तट्टांची, मागणी वाढली. मुलाच्या खांद्यावरचे ओझे तट्टाच्या खांद्यावर गेले, आणि दहा वर्षांवरचा मुलगा त्या तट्टाचा हाक्या म्हणून त्याच अंधारात उरला. त्याच देशात सुखवस्तू घरांतील मुलांसाठी पोनी ही बालपणाची खूण होऊन बसली. १९२९ मध्ये तेथे मुलांच्या अश्वारोहणासाठी ‘पोनी क्लब’ ही संस्था निघाली. एकाच चणीच्या जनावराचे हे दोन प्रारब्ध होते आणि कोणते वाट्याला येईल हे पुष्कळदा एका सौद्यावर ठरे.

ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही १८७७ मधील कादंबरी या सौद्यांचीच मालिका आहे. लेखिका वयाच्या चौदाव्या वर्षापासून पायाने अधू होती आणि फिरण्यासाठी घोडागाडीवर अवलंबून होती, ही गोष्ट कादंबरी वाचताना विसरता येत नाही. तिच्यातील मेरिलेग्ज हे गुबगुबीत करडे तट्टू मुलांचे वाहन आहे. धर्मोपदेशकाची दांडगी मुले त्याला न थकणारे यंत्र समजून छडीने पिटाळतात, तेव्हा ते त्यांना अलगद मागच्या मागे घसरवून खाली उतरवते. याचे समर्थन करताना ते म्हणते की, मुलांना शिकवावे लागते. परंतु लाथ मारण्याचा विचारही ते करीत नाही. लाथाळ ठरले तर आपण विकले जाऊ आणि कुठल्या तरी कसायाच्या पोराच्या किंवा समुद्रकाठच्या भाडोत्री धंदेवाल्याच्या हाती मरेपर्यंत राबू, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याच्या सौम्यपणात समजूतदारपणा आहे, तशी भीतीही आहे. मालक परदेशी जातो तेव्हा मेरिलेग्ज धर्मोपदेशकाला दिले जाते ते एका अटीवर: त्याला कधीही विकायचे नाही, आणि काम होईनासे झाले की गोळी घालून पुरायचे. आजच्या वाचकाला ही अट कठोर वाटेल. कादंबरीच्या जगात मात्र घोड्याला मिळू शकणारी ती सर्वांत मोठी हमी आहे.

कादंबरीचा शेवट या विषयाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे. भाड्याच्या गाड्या ओढून मोडकळीस आलेला ब्लॅक ब्यूटी घोडेबाजारात म्हाताऱ्या, निकामी घोड्यांच्या रांगेत उभा असतो. एक शेतकरी आणि त्याचा नातू विली तेथे येतात. नातू हट्ट धरतो आणि आजोबा पाच पौंडांना घोडा घेतात. कुरणात त्याची देखभाल विलीवर सोपविली जाते. येथे म्हातारा घोडा मुलाला सांभाळण्यासाठी घेतलेला नाही. म्हाताऱ्या घोड्याला सांभाळण्याचे काम मुलाला दिले आहे. खरेदीचा हेतूच उलटा झाला आहे. मुलासाठी घोडा घेण्याच्या प्रश्नाला स्यूएलने दिलेले हे उत्तर तिच्या प्राणिदयेच्या प्रचाराहून अधिक खोल आहे.

टॉलस्टॉयने हाच विषय दोन-तीन पानांत मांडला. खेड्यांतील मुलांसाठी १८७०च्या दशकात त्याने तयार केलेल्या वाचनपुस्तकांत ‘म्हातारा घोडा’ ही छोटी कथा आहे. चार भावांना घोड्यावर बसण्याची हौस असते. पण घरात गरीब स्वभावाचा एकच घोडा, म्हातारा व्होरोनोक. एके दिवशी आईच्या परवानगीने तिघे भाऊ पाळीपाळीने त्याला पिटाळतात. धाकट्याची, म्हणजे निवेदकाची, पाळी येते तेव्हा घोडा तबेल्यापासून हलेना. मुलगा चाबूक मोडेपर्यंत मारतो. तेव्हा मुलांना सांभाळणारा नोकर त्याला सांगतो की, हा घोडा वीस वर्षांचा आहे, म्हणजे गावातल्या नव्वद वर्षांच्या पिमेन तिमोफेयिचसारखाच; त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर बसून त्याला असे मारशील काय? मुलगा खाली उतरतो, घोड्याच्या घामेजलेल्या कुशी कशा धापत आहेत ते पाहतो आणि त्याच्या मानेचे मुके घेत क्षमा मागतो. आपल्याप्रमाणेच घोड्यालाही मौज वाटत असेल अशी त्याची आतापर्यंत समजूत होती. टॉलस्टॉयने येथे उपदेशाचे सारे काम एका तुलनेवर सोपविले आहे. मुलाला दुसऱ्याच्या शरीराचा थकवा प्रथमच कळतो, आणि तो कळण्यासाठी घोडा म्हातारा असणे आवश्यक होते. तरुण घोड्याने त्याला फक्त पाडले असते.

अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या ‘द रेड पोनी’ या १९३७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कथामालिकेत दोन्ही पर्याय शेजारीशेजारी ठेवलेले दिसतात. दहा वर्षांच्या जोडीला वडील एक तांबडे शिंगरू आणून देतात. मुलगा मनोभावे त्याला शिकवू लागतो. पण पावसात भिजल्यावर शिंगरू आजारी पडते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मरते. पुढच्या कथेत गितानो नावाचा म्हातारा आपल्या जन्मभूमीत मरण्यासाठी परत येतो. जोडीचे वडील त्याला ठेवून घेण्यास नकार देतात आणि तीस वर्षांच्या ईस्टर या घोड्याकडे बोट दाखवून, निकामी म्हाताऱ्या जनावरांचा शेवट करावा हे बरे, असे त्याच्यासमोरच बोलतात. पहाटे म्हातारा त्याच घोड्यावर खोगिराविना बसून डोंगरांकडे निघून जातो. टॉलस्टॉयच्या कथेतील नोकर घोड्याची तुलना माणसाशी करतो ती करुणेसाठी. येथे वडील तीच तुलना माणसाला नाकारण्यासाठी वापरतात. घरातील मूल दोन्हीकडे ऐकत असते. म्हाताऱ्या घोड्याविषयी मोठी माणसे काय बोलतात, त्यावरून मूल म्हाताऱ्या माणसांविषयी शिकत असते, हे या दोन लेखकांनी परस्परांपासून दूर राहून सारखेच ओळखले.

आज भारतात घोडे बाळगणारी घरे झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती; २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ही समाधानाची गोष्ट असली, तरी नोंद होण्याची गरज पडणे हीच एक सूचना आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे तोंड उघडून दात पाहण्याचा जुना विधी अद्याप चालतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या तांबड्या मातीच्या वाटांवर कित्येक मराठी मुलांची घोड्याशी पहिली ओळख होते. त्या वाटेवरचे तट्टू मुलाला जपून नेते, कड्याच्या बाजूने वळताना आपली चाल आपणच मंद करते. मूल परत येते ते आपण घोडा चालविला अशा समजुतीत. म्हाताऱ्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांची समजूतही पुष्कळदा अशीच असते.

मूळ प्रश्नाकडे आता परत येता येईल. मुलासाठी उतारवयाचे तट्टू घ्यावे काय? अनुभव आणि वाङ्मय या दोहोंची साक्ष होकाराच्या बाजूने आहे. मात्र काही गोष्टी डोळसपणे स्वीकारूनच. अशा तट्टाचे दात वेळोवेळी कानसावे लागतात, चंदी भिजवून मऊ करून द्यावी लागते, सांधे आखडतात म्हणून चढ-उतार व कठीण जमीन टाळावी लागते. मूल वाढते, त्याचे वजन वाढते, आणि घोड्याची पाठ मात्र खचत जाते. चार-पाच वर्षांत मूल त्याला मागे टाकते. येथेच खऱ्या कसोटीचा क्षण येतो. त्या वेळी तट्टू पुन्हा विकायचे, असे घेतानाच ठरलेले असेल, तर मुलाने त्याच्याकडून शिकलेले सर्व काही त्या एका व्यवहाराने पुसले जाते. प्रत्येक विक्रीगणिक खरेदीदार अधिक गरीब, काम अधिक जड आणि चारा अधिक कमी, हा ब्लॅक ब्यूटीचा मार्ग कोणत्याही देशात फारसा वेगळा नसतो. दुसऱ्या लहान मुलाच्या घरी, ओळखीच्या हाती, परत घेण्याच्या बोलीवर तट्टू देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ते शक्य नसेल तर निर्वाहापुरते अन्न देण्याची कौटिल्याची तरतूद आहेच.

आणखी एक गोष्ट पालक सहसा बोलून दाखवीत नाहीत. म्हातारे तट्टू मुलाच्या बालपणातच मरण्याचा संभव असतो. पुष्कळ पालक याच कारणासाठी तरुण घोडा पसंत करतात. मुलाला दुःख होऊ नये ही त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु स्टाइनबेकच्या कथेत मेले ते शिंगरू, म्हातारा घोडा नव्हे. मृत्यू वयाचा क्रम पाळीलच असे नाही. मुलाला दुःखापासून दूर ठेवणे पालकांच्या हाती पूर्णपणे नसते. ते दुःख आले असता घरातील माणसे त्या जनावराशी कशी वागली, एवढे मात्र त्यांच्या हाती असते. मेरिलेग्जला दिलेल्या वचनात विक्रीस नकार आणि शेवटाची जबाबदारी या दोनच गोष्टी होत्या. म्हातारे तट्टू दारात आणणाऱ्या घराने हेच वचन दावणीशी बांधताना द्यावे आणि मुलाच्या समक्ष द्यावे; पुढे ते पाळले जाते की नाही, हे मूल पाहत राहील.